हिमालयातला बर्फ आणि आपलं पाणी : नद्या 'बारमाही' राहतील का?



भारतातल्या नद्यांचा धडा आपण प्राथमिक शाळेपासून शिकत आलो आहोत. त्यातली एक गोष्ट सगळ्यांची पाठ असते. हिमालयात उगम पावणाऱ्या नद्या बारमाही असतात आणि दख्खनच्या पठारावरच्या नद्या हंगामी. कारण विचारलं तर उत्तरही तयार असतं : हिमालयातल्या नद्यांना पावसाळ्यात पावसाचं आणि उन्हाळ्यात बर्फाचं पाणी मिळतं. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो.

आज आपण याच उत्तरापाशी थोडं थांबणार आहोत. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी मिळतं, हे खरं आहे. पण ते का मिळतं? नेमकं केव्हा मिळतं? आणि पृथ्वीचं तापमान वाढत असताना ते तसंच मिळत राहील का? हे नीट समजलं, तर 'बारमाही' हा शब्द किती नाजूक गोष्टीवर उभा आहे तेही कळेल.

१. भिंत नसलेलं धरण

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. कोकणात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. असं का? कारण पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून काही तासांत समुद्राला मिळतो. पाऊस किती पडला यापेक्षा पाणी किती काळ थांबलं, हे महत्त्वाचं ठरतं. पाणी थांबावं म्हणूनच आपण कोयनेसारखं १०५ टीएमसीचं धरण बांधतो. पावसाळ्यातलं पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं.

हिमालयात हेच काम बर्फ करतो. हिवाळ्यात पडलेलं पाणी गोठून डोंगरावर बसून राहतं आणि उन्हाळ्यात हळूहळू सुटतं. ना सिमेंट, ना दरवाजे, ना गाळाची चिंता!

बर्फ एकदम का वितळत नाही, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला ८० कॅलरी उष्णता लागते. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. एवढ्याच उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून ऊन पडल्याबरोबर डोंगरावरचा बर्फ नाहीसा होत नाही. तो आठवडे, महिने टिकतो आणि पाणी पुरवून पुरवून देतो.

आता एक प्रश्न. धरणात किती पाणी आहे हे आपण टक्क्यांत सांगतो. डोंगरावरच्या बर्फात किती पाणी आहे, हे कसं मोजायचं? नुसती जाडी मोजून भागत नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ साधारण १० सेंटीमीटर असेल तर त्यातून जेमतेम १ सेंटीमीटर पाणी मिळतं. दाबला गेलेला जुना बर्फ तेवढ्याच जाडीत कितीतरी जास्त पाणी देतो. म्हणून बर्फात नळी खुपसून त्याचा स्तंभ बाहेर काढतात आणि त्याचं वजन करतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जेम्स चर्च यांनी अशी नळी तयार केली. गंमत म्हणजे ते लॅटिन भाषेचे प्राध्यापक होते. उन्हाळ्यात किती पाणी मिळेल याचा अंदाज हिवाळ्याच्या शेवटीच बांधायची ही पद्धत पुढे खूप ठिकाणी वापरात आली.

२. हिम आणि हिमनदी : एक पगार, एक ठेव

आपण बोलताना सरसकट 'बर्फ' म्हणतो. पण पाण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हंगामी हिम. हिवाळ्यात पडतं, वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वितळतं. दरवर्षी नवं येतं, दरवर्षी खर्च होतं. हा झाला महिन्याचा पगार.

दुसरी गोष्ट म्हणजे हिमनदी. खूप उंचावर पडलेलं हिम उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं. असे थरावर थर दाबले जाऊन टणक बर्फ होतो आणि तो स्वतःच्या वजनाने उतारावरून फार सावकाश सरकत राहतो. ही झाली पिढ्यान्पिढ्या साठलेली ठेव. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, तर काराकोरममधली सियाचेन ७० किलोमीटरहून अधिक.

चांगल्या वर्षी हिमनदीत भर पडते आणि वाईट वर्षी तिच्यातून काढून खर्च भागतो. ज्या वर्षी हिम कमी पडतं, त्या वर्षी नदीला आधार हिमनदीचाच असतो. घरातही तसंच असतं ना? पगार अडकला की ठेवीकडे बघावं लागतं.

आता बघा, पगार कमी होत गेला आणि ठेव दरवर्षी मोडावी लागली, तर काय होईल? हिमालयात आज नेमकं हेच चाललं आहे.

३. एका अंशाने काय बिघडतं?

"सर, एक अंश म्हणजे कितीसा?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. घरातल्या पंख्याखाली एक अंश जाणवतही नाही, हे खरं. डोंगरावर मात्र त्याचा हिशेब वेगळा आहे.

*पहिला बदल : हिमाऐवजी पाऊस.* उंचीवर गेलो की हवा थंड होते. दर १,००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सियसने तापमान उतरतं. महाबळेश्वर वाईपेक्षा थंड का, त्याचं हेच कारण. आता उलट गणित करा. ६.५ अंशांसाठी १,००० मीटर, तर १ अंशासाठी सुमारे १५० मीटर. म्हणजे हवा एका अंशाने तापली, तर जिथे पाणी गोठतं ती रेषा जवळजवळ १५० मीटर वर सरकते. आधी जिथे हिम पडायचं तिथे आता पाऊस पडतो. आणि डोंगर वर निमुळता होत जातो, त्यामुळे रेषा जितकी वर जाईल तितकी हिम साठवायला जागा कमी उरते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर्षभरात आकाशातून पडणारं पाणी कदाचित तेवढंच असेल. पण हिम म्हणून पडलं तर ते महिनोन्महिने थांबतं, पाऊस म्हणून पडलं तर काही तासांत वाहून जातं. हिमालय हळूहळू कोकणासारखा वागायला लागतो.

*दुसरा बदल : वितळण्याची वेळ.* वसंत लवकर तापला की हिम लवकर वितळतं. मे-जूनमध्ये हवं असलेलं पाणी मार्च-एप्रिलमध्येच निघून जातं. पिकाला ते लागतं तेव्हा ओढा कोरडा.

*तिसरा बदल : रंग.* ताजं हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतं. या गुणाला अल्बेडो म्हणतात. हिम गेलं की खालचा काळा खडक उघडा पडतो. तो बहुतेक प्रकाश शोषून घेतो आणि तापतो. मग आजूबाजूचं हिम आणखी वितळतं, आणखी खडक उघडा पडतो. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःलाच वेग देतं. त्यात डिझेलचा धूर, चुलीची काजळी, जाळलेल्या पाचटाची राख वाऱ्याबरोबर जाऊन हिमावर बसते आणि पांढरं हिम मळकट करते. भर उन्हात काळा शर्ट घालणं आणि पांढरा घालणं यात जो फरक, तोच इथे.

शिवाय हिमालयासारखे उंच प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जास्त वेगाने तापत आहेत. काठमांडूच्या 'इसिमोड' या पर्वतविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये हिंदुकुश-हिमालयाचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी या पर्वतांत ती आणखी किमान ०.३ अंशाने जास्त असेल, असं त्यात म्हटलं आहे. आणि २०२४ हे वर्ष, जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे, औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत १.५ अंशांची रेघ ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. एका वर्षावरून मर्यादा कायमची ओलांडली असं होत नाही, पण दिशा कोणती आहे ते कळतं.

४. आधी जास्त, मग कमी

इथे एक फसवी जागा आहे. हिमनदी वितळते म्हणजे नदीला जास्त पाणी येणार ना? मग तक्रार कसली?

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, तुमच्या घरात १,००० रुपयांची ठेव आहे. दरवर्षी तुम्ही १०० रुपये भरता आणि १०० काढता. ठेव तशीच राहते. आता तुम्ही ९० भरायला आणि १२० काढायला लागलात. हातात येणारे पैसे वाढले, घरात आनंदीआनंद! पण ठेव दरवर्षी ३० रुपयांनी घटते आहे. काही वर्षांनी १२० काढण्याइतकं उरणारच नाही. मग ९० येतील तेवढ्यावर भागवावं लागेल. कमी पगाराच्या वर्षी तर तेवढेही नाहीत, आणि पाठीशी ठेवही नाही.

यालाच आपल्याकडे मुद्दल मोडून खाणं म्हणतात. हिमनदीच्या नदीतही तसंच घडतं. आधी काही दशकं पाणी वाढतं, एका शिखराला पोचतं आणि मग घटत जातं. हिमालयातल्या बऱ्याच खोऱ्यांत हे शिखर या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणून आज एखाद्या नदीला उन्हाळ्यात भरपूर पाणी दिसतंय, यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका. ते मुद्दल असू शकतं.

इसिमोडच्याच २०२३ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या.

५. लडाख : प्रश्न वेळेचा आहे

हे सगळं प्रत्यक्ष कसं दिसतं, ते पाहायला आपण लडाखला जाऊ. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस आणि हिम मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या दुष्काळी माण-खटावमध्येही याच्या कितीतरी पट पाऊस पडतो! म्हणजे लडाख हे थंड वाळवंट आहे. तरी तिथे जव पिकतो, गहू, वाटाणा पिकतो, जर्दाळूच्या बागा आहेत. हे सगळं वरून येणाऱ्या वितळलेल्या पाण्यावर.

तिथला शेतीचा हंगाम छोटा असतो. एप्रिल-मेमध्ये पेरणी केली नाही, तर थंडी पडायच्या आत पीक हाती येत नाही. आता पाण्याचं वेळापत्रक बघा. गावाच्या जवळपासच्या उतारांवरचं हिवाळी हिम वसंतात वितळतं आणि पेरणीला पाणी देतं. मोठ्या हिमनद्या मात्र पाच हजार मीटरच्या वर आहेत. तिथे उष्णता पोचायला जून उजाडतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये सगळी भिस्त हिवाळी हिमावर. ते कमी पडलं किंवा लवकर वितळून गेलं, तर ऐन पेरणीला ओढा कोरडा. जुलैमध्ये भरपूर पाणी येतं, पण तेव्हा ते काय कामाचं? पेरणीची वेळ टळली की टळली. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

लडाखच्या लोकांनी ही टंचाई ओळखून जुन्या काळापासून व्यवस्था केली आहे. गावात 'झिंग' नावाची छोटी तळी असतात. रात्रीचं पाणी त्यात साठवायचं आणि दिवसा शेताला सोडायचं. कोणाला किती पाणी, हे ठरवायला गाव 'छुरपोन' नेमतं. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच हा. पाणी कमी असलं की नियम कडक होतात, हे दोन्हीकडे सारखंच.

पण नियम कितीही चांगला असला तरी मुळात पाणी हवं. झंस्कार भागातलं कुमिक हे जुनं गाव याचं उदाहरण आहे. डोंगरावरच्या बर्फावर चालणारा त्यांचा ओढा वर्षागणिक रोडावत गेला. शेवटी गावकऱ्यांनी जुनी घरं आणि शेतं सोडून खाली नदीजवळच्या ओसाड माळावर नवं गाव वसवायचा निर्णय घेतला. नव्या जागी पाणी नेण्यासाठी लांब कालवा खोदावा लागला. विचार करा, या गावाने धूर सोडणारा एकही कारखाना उभारला नव्हता.

६. नॉर्फेल यांचे बंधारे आणि वांगचुक यांचा स्तूप

लडाखमधले एक स्थापत्य अभियंता, चेवांग नॉर्फेल, यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. हिवाळ्यात शेतीला पाणी लागत नाही, तरी ओढ्याचं थोडं पाणी वाहतच असतं आणि वाया जातं. वेगाने वाहणारं पाणी गोठत नाही, पण सावलीत संथ झालेलं पाणी गोठतं. मग ते पाणी सावलीच्या दरीत वळवून, दगडी बांध घालून संथ केलं तर? बर्फाचे थर साठतील आणि वसंतात वितळतील. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी असे कृत्रिम हिमसाठे तयार केले. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातली खरी हुशारी जागेच्या निवडीत आहे. हे साठे मूळ हिमनदीपेक्षा खाली, गावाच्या जवळ असतात. मघाचं गणित आठवा : खाली उतरलं की तापमान वाढतं. म्हणून हे साठे हिमनदीच्या आधी, पेरणीच्या वेळीच वितळू लागतात.

पुढे सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात दुसरा प्रयोग केला. त्याला 'हिमस्तूप' म्हणतात. वरच्या ओढ्यातून नळ जमिनीखालून गावापर्यंत आणायचा आणि शेवटी तो उभा करायचा. उंचीच्या फरकामुळे पाणी पंपाशिवाय कारंज्यासारखं उडतं आणि कडाक्याच्या थंडीत खाली पडता पडता गोठतं. बघता बघता बर्फाचा शंकू उभा राहतो.

शंकूच का? दहावीच्या गणितातलं महत्त्वमापन इथे कामाला येतं. वही घ्या.

समजा, बर्फाच्या शंकूच्या पायाची त्रिज्या ८ मीटर आणि उंची १५ मीटर आहे.

घनफळ = एक तृतीयांश × ३.१४ × ८ × ८ × १५ = सुमारे १,००५ घनमीटर.

तिरकस उंची काढू. ८ चा वर्ग ६४, १५ चा वर्ग २२५, बेरीज २८९, वर्गमूळ १७ मीटर. (पायथागोरसचं त्रिकूट ओळखलं ना?)

वक्रपृष्ठफळ = ३.१४ × ८ × १७ = सुमारे ४२७ चौरस मीटर.

आता तेवढाच बर्फ जमिनीवर १ मीटर जाडीच्या थरात पसरला, तर त्याचं वरचं क्षेत्रफळ होईल सुमारे १,००५ चौरस मीटर. म्हणजे बर्फ तेवढाच, पण ऊन-वारा लागणारा पृष्ठभाग शंकूत निम्म्याहूनही कमी. म्हणून शंकू गावाजवळ, उन्हात उभा असूनही जास्त दिवस टिकतो. "गणिताचा पुढे काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

पण कौतुक करताना मर्यादाही सांगायला हव्यात. हिमस्तूप नवं पाणी तयार करत नाही, तो पाण्याची वेळ बदलतो. त्याला हिवाळ्यात वाहता ओढा लागतो आणि कडक थंडीही लागते. नळातच पाणी गोठलं तर काम अडतं. वरच्या गावाने पाणी अडवलं तर खालच्या गावाचं काय, हा वादही उभा राहतो. आणि तापमान वाढतच राहिलं, तर ज्या थंडीवर हा उपाय उभा आहे तीच कमी होत जाईल. हा उपाय गावाला वेळ मिळवून देतो, मूळ दुखणं बरं करत नाही.

७. खाली मैदानात, आणि आपल्यापर्यंत

सगळ्या नद्यांवर परिणाम सारखा होणार नाही. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात मान्सून फारसा पोचत नाही. तिथे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, हिम घेऊन येतात. त्यामुळे तिथल्या नदीचं निम्म्याहून जास्त पाणी हिम आणि हिमनद्यांचं असतं. गंगेच्या खोऱ्यात मात्र पावसाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे गंगा आटून जाईल असं नाही, पण मान्सूनच्या आधीच्या कोरड्या महिन्यांत वरच्या भागात तिची ओढ जाणवेल.

सतलजवर भाक्रा, बियासवर पोंग ही धरणं आहेत. पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये, त्यांत येणारं पाणी मोठ्या प्रमाणात वितळलेल्या बर्फाचं असतं. त्याच नद्यांच्या संगमावरच्या हरिके इथून निघालेला इंदिरा गांधी कालवा थरच्या वाळवंटात शेती पिकवतो. वाळवंटातलं पीक हिमालयाच्या हिमावर!

आणि महाराष्ट्र? आपल्या गोदावरीला, कृष्णेला बर्फाचा एक थेंबही मिळत नाही. पण पंजाब-हरियाणाचा गहू सरकारी खरेदीतून देशभरच्या रेशन दुकानांत जातो. तिथल्या सिंचनाला धक्का बसला, तर त्याची झळ आपल्या पिठाच्या डब्यापर्यंत येते.

डोंगरातल्या शहरांनी तर झळ सोसली आहेच. २०१८ च्या मे महिन्यात शिमल्यात पर्यटनाच्या ऐन हंगामात नळ कोरडे पडले आणि लोक टँकरसमोर रांगा लावून उभे राहिले. त्याआधीच्या हिवाळ्यात हिम आणि पाऊस दोन्ही कमी झाले होते. वाढलेली गर्दी आणि गळके नळ हीदेखील कारणं होती. हवामान बदल एकटा येत नाही, आपल्या आधीच्या चुकांच्या खांद्यावर बसून येतो.

८. पाणी जेव्हा एकदम येतं

हिमनदी मागे सरकते, तेव्हा तिने आणलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यामागे पाणी साठून सरोवर तयार होतं. हा ढिगारा म्हणजे काही बांधलेलं धरण नव्हे. तो फुटला की खाली हाहाकार होतो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचं चोराबाडी सरोवर अतिवृष्टीनंतर असंच फुटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तिस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. म्हणजे एकीकडे हवं तेव्हा पाणी नाही आणि दुसरीकडे नको तेव्हा पाण्याची भिंत. दोन्ही एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

९. तीन गैरसमज

*'हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार.'* हे विधान आयपीसीच्या २००७ च्या अहवालात चुकून आलं होतं. संस्थेने २०१० मध्ये ते चूक असल्याचं मान्य केलं. तरी ते अजून फिरत असतं. इसिमोडच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तर २१०० पर्यंत सुमारे एक तृतीयांश हिमनद्या जातील आणि आजच्याच गतीने प्रदूषण चालू राहिलं तर सुमारे दोन तृतीयांश. खरं चित्र पुरेसं गंभीर आहे, त्यात भर घालायची गरज नाही.

*'सगळ्या हिमनद्या सारख्याच वितळतात.'* नाही. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या कित्येक वर्षं जवळजवळ स्थिर राहिल्या. तिथे हिवाळी हिम भरपूर पडतं, हे त्याचं एक कारण. अपवाद असतो, पण त्यावरून नियम खोटा ठरत नाही.

*'यंदा खूप हिम पडलं, म्हणजे तापमानवाढ थांबली.'* एका वर्षाचं हवामान आणि अनेक दशकांचं हवामानमान या वेगळ्या गोष्टी आहेत. एका सामन्यातल्या शतकावरून फलंदाजाची सरासरी ठरत नाही.

१०. मग करायचं काय?

एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांतला फरक पुन्हा पाहा. तो फरक माणसाच्या हातात आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल किती जाळायचं यावर तो ठरणार आहे. काजळी कमी केली तर तिचा परिणाम लवकर दिसतो, कारण कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो, काजळी मात्र काही दिवसांत खाली बसते. त्याच्या जोडीला डोंगरातले झरे जपणं, हिमाच्या नियमित नोंदी ठेवणं, धोकादायक सरोवरांवर इशारा देणारी यंत्रणा बसवणं आणि कमी पाण्याची पिकं घेणं ही कामं आहेतच. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि २१ मार्च हा दरवर्षीचा जागतिक हिमनदी दिन ठरवला. शाळेत हा दिवस भाषणाऐवजी खालच्या प्रयोगाने साजरा करता येईल.

करून पाहा

१. फ्रीजमधले एकसारखे चार बर्फाचे तुकडे घ्या. एक तसाच ताटलीत ठेवा, दुसरा बारीक फोडून दुसऱ्या ताटलीत पसरा. कोणता आधी वितळला? हिमस्तूपाशी त्याचा संबंध लिहा.

२. उरलेल्या दोन तुकड्यांपैकी एक पांढऱ्या आणि एक काळ्या कापडाने झाकून उन्हात ठेवा. दर पाच मिनिटांनी नोंद करा. यातून अल्बेडोबद्दल काय कळलं?

स्वाध्याय

१. वर्षाचा एकूण पाऊस आणि हिम तेवढंच राहिलं, तरी पाणीटंचाई कशी होऊ शकते?

२. तापमान २ अंशांनी वाढलं, तर गोठणरेषा साधारण किती मीटर वर सरकेल?

३. हिमनदी वितळत असताना नदीचं पाणी आधी का वाढतं आणि नंतर का घटतं?

४. नॉर्फेल यांचे हिमसाठे मूळ हिमनदीच्या आधी का वितळतात?

५. त्रिज्या ६ मीटर आणि उंची ८ मीटर असलेल्या हिमस्तूपाचं घनफळ आणि वक्रपृष्ठफळ काढा.

६. तुमच्या गावाला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? ते कुठे साठलेलं असतं? घरातल्या मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

परीक्षेत 'हिमालयातल्या नद्या बारमाही का?' असा प्रश्न आला, तर उत्तर नेहमीचंच लिहा, गुण मिळतील. फक्त लिहिताना मनात एवढं असू द्या की, हे उत्तर पुढच्या पिढीच्या पुस्तकातही खरं राहील की नाही, ते आपण आत्ता काय करतो यावर अवलंबून आहे.